खतावणीतला ताण, खांद्यातली कळ

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या घरची हळदीची आडत पेढी आहे. हंगाम भरात आला, की घरात दोन गोष्टी हमखास येतात : कपड्यांना चिकटून आलेला हळदीचा वास आणि थोरल्या चुलत्यांच्या उजव्या खांद्यातली कळ. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. सकाळी ताठ मानेने पेढीवर गेलेला माणूस संध्याकाळी मागे पाहायचे झाले तर सर्व अंग वळवू लागतो, रात्री गप्पांत बसला असताना डाव्या हाताने उजवा खांदा दाबत राहतो. हे दृश्य आम्हां सर्वांच्या इतके परिचयाचे होते, की त्याविषयी कोणी वेगळे बोलत नसे. ‘आप्पांचा खांदा’ हे जणू घरातील एक जुने माणूसच झाले होते.

उपाय पुष्कळ झाले. उशी बदलली, गादी बदलली. काकूंनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला. मानेला पट्टा लागला. क्ष-किरण तपासणीत ‘मणक्यांत वयोमानानुसार झीज’ असा शेरा आला आणि आप्पांनी तो शेवटचा निकाल म्हणून स्वीकारला. झीज झाली म्हणजे ती भरून येणार नाही. तेव्हा दुखणे सोसायचे आणि काम करायचे, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांना हा हिशेब पुन्हा मांडायला लावला तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. सर्व तपासून झाल्यावर त्यांनी एकच वेगळा प्रश्न विचारला, “आप्पा, खांदा कधी दुखतो ते तुम्ही सांगितलेत. तो न दुखलेले दिवस आठवतात का?”

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “श्रवणबेळगोळला गेलो होतो तेव्हा.”

त्या चार दिवसांत ते गाडीत तासन्‌तास बसले होते. धर्मशाळेत पातळ सतरंजीवर निजले होते. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढले आणि उतरले होते. झीजच जर दुखण्याचे एकमेव कारण असती, तर खांद्याने तेथे आकांत मांडायला हवा होता. परंतु त्याची आठवणही झाली नाही. परतीच्या वाटेवर मात्र पेढीवरून फोन आला, एका खरेदीदाराचे पैसे पुन्हा लांबले असे कळले आणि गाडी सांगलीत शिरण्यापूर्वीच कळ जागी झाली.

हे सांगून झाल्यावर आप्पांचा चेहरा उतरला. “म्हणजे माझे दुखणे खोटे का?” त्यांनी विचारले.

“मुळीच नाही,” बाई म्हणाल्या. “दुखणे अगदी खरे आहे. फक्त ते जिथून येते असे तुम्ही समजत होता, तेवढ्या एकाच जागेहून येत नाही.”

तीनशे वर्षांपूर्वीचा एक वैद्य

कामाचा ताण आणि अंगदुखी यांचा संबंध ही आजच्या धावपळीच्या काळात सुचलेली कल्पना आहे असे अनेकांना वाटते. वास्तविक ती फार जुनी आहे, आणि व्यापारी घराण्यांना विशेष जवळची आहे. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या व्यवसायांत होणाऱ्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. कोणत्याही रोग्याला, तुझा व्यवसाय कोणता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १७१३ साली निघालेल्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकून यांच्या दुखण्यांचाही विचार केला आहे.

या मंडळींच्या व्याधींची त्यांनी तीन कारणे दिली. पहिले, सतत बसून राहणे. दुसरे, हाताची एकाच दिशेने अखंड होणारी हालचाल. आणि तिसरे, मनावरचा ताण : वहीत खाडाखोड होऊ नये, बेरीज-वजाबाकीत चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये, ही धास्ती. त्यांच्या परिचयाच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून इतका थकला, की शेवटी तो निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर थोड्याच काळात तोही हात तसाच झाला.

तीनशे वर्षांपूर्वी, ना यंत्रे होती ना आजची उपकरणे, अशा काळात या वैद्याने बैठक, हालचाल आणि काळजी यांना एका ओळीत बसवले. आपण मात्र पहिल्या दोन कारणांवर खर्च करतो. नवी खुर्ची घेतो, उशी बदलतो. तिसऱ्याचे नावही काढत नाही.

स्नायूला सुट्टी मिळत नाही तेव्हा

काळजी आणि स्नायू यांच्यामध्ये नेमके काय घडते? संकटाची चाहूल लागताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. अॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात, हृदय जलद चालते, श्वास उथळ होतो आणि स्नायू आवळले जातात. समोर साप असेल तर ही तयारी प्राण वाचवते. साप निघून गेला की शरीर सैल होते. परंतु थकलेली उधारी, घसरलेला भाव, बँकेचा हप्ता, कराच्या विवरणाची मुदत हे साप असे आहेत, की ते दिवसभर गादीसमोर बसून असतात. लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. तयारी तेवढी चालू राहते.

या तयारीचा मोठा भार मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस या स्नायूवर पडतो. स्वीडनमधील उल्फ लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या स्नायूतील विद्युत्‌क्रिया मोजली होती. मनातल्या मनात हिशेब करण्यासारखी, केवळ डोक्याला ताण देणारी कामे दिली असताही हा स्नायू अधिक आवळलेला आढळला. हातात वजन नव्हते. वजन मनावर होते.

स्वीडनचेच ज्यरान हेग यांनी १९९१ साली यासंबंधी एक उपपत्ती मांडली. स्नायू हा अनेक लहान-मोठ्या तंतुगटांचा बनलेला असतो. हलके काम सुरू झाले की काही ठराविक लहान गट प्रथम जागे होतात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत तेच राबत राहतात. सर्वांआधी उठून सर्वांनंतर निजणाऱ्या परीकथेतील सिंड्रेलाची उपमा त्यांनी या तंतूंना दिली. जड पोते उचलणाऱ्या हमालाचा स्नायू पोते खाली ठेवल्यावर सैल तरी होतो. गादीवर बसून काळजी करणाऱ्याचा स्नायू थोडाच आवळलेला असतो, पण तो सैल होतच नाही. काम किती जड आहे याइतकेच, मध्ये विसावा मिळतो की नाही, हेही महत्त्वाचे ठरते.

याखेरीज मज्जासंस्थेचाही वाटा असतो. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी अशी उपपत्ती मांडली, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जसाच्या तसा पोहोचत नाही; पाठीच्या कण्यातील एका ‘दारा’शी तो कमी-अधिक केला जातो आणि या दारावर मेंदूचीही सत्ता चालते. वखारीत एकदा चोरी झाली, की राखणदार मांजर हलले तरी आरोळी देतो. दीर्घ काळ काळजी आणि अपुरी झोप यांत असलेली मज्जासंस्था अशीच हळवी होते. एरवी जो निरोप दाराशीच थांबला असता, तो आता कळ होऊन आत येतो. कळ आली की झोप मोडते, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी कळ अधिक जाणवते, आणि काळजीच्या यादीत दुखण्याचीही भर पडते.

मग क्ष-किरणात दिसलेल्या झिजेचे काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ज्यांना पाठीचे कोणतेच दुखणे नव्हते अशा ३,००० हून अधिक लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र पाहण्यात आल्या. त्यांत २० वर्षांच्या वयोगटातील सुमारे ३७ टक्के आणि ८० वर्षांच्या वयोगटातील सुमारे ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज दिसली, आणि तरीही त्यांना वेदना नव्हती. झीज ही केसांच्या पांढरेपणासारखी वयाची खूण असू शकते. तेवढ्यावरून दुखण्याचा निकाल लागत नाही.

सांध्यांच्या बाबतीत मात्र थोडी सावधगिरीने भाषा वापरली पाहिजे. काळजीने गुडघ्याची कूर्चा झिजते, असे म्हणता येणार नाही. पण काळजीत असलेला माणूस कमी हलतो. न हलल्याने सांध्याला आधार देणारे स्नायू दुबळे होतात. आणि मुळात असलेली संधिवाताची वेदना हळव्या मज्जासंस्थेमुळे अधिक जाणवते. रात्री दात आवळून झोपणाऱ्यांचा जबड्याचा सांधा सकाळी दुखतो, हा तर अनेकांचा अनुभव आहे.

केवळ वजनाचा हिशेब नव्हे

पाठदुखी जगात किती पसरलेली आहे हे सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. या दुखण्याची कारणे शोधताना प्रथम सर्वांचे लक्ष साहजिकच उचलल्या जाणाऱ्या वजनाकडे गेले. परंतु अमेरिकेतील बोईंग विमान कारखान्यातील ३,००० हून अधिक कामगारांवर सुमारे ४ वर्षे लक्ष ठेवून केलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळी गोष्ट पुढे आली. आपल्या कामात जवळजवळ कधीच आनंद वाटत नाही असे सांगणाऱ्या कामगारांत पाठदुखीची तक्रार नोंदवण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट होते.

याचा अर्थ ते कामगार कामचुकार होते असा करणे अन्यायाचे होईल. मन आणि शरीर यांच्या वह्या वेगळ्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या घरांत मन, वचन आणि काया हे शब्द नेहमी एकत्र उच्चारले जातात. दुखण्याचा विचार करताना मात्र आपण कायेला एकटी पाडतो.

आडत व्यवसायात हा ताण कोठे साठतो, हे आम्हांला हळूहळू उमगले. शेतकऱ्याच्या पट्टीचे पैसे हातोहात द्यावे लागतात. खरेदीदाराकडून ते यायला आठवडे लागतात. या दोहोंमधला सर्व काळ आडत्याच्या अंगावर असतो. आप्पा तो एकटेच वाहत होते. घरातील बायकामुलांना सोडाच, पेढीवर बसणाऱ्या माझ्या वडिलांनाही येण्याचा खरा आकडा ठाऊक नव्हता. ‘काळजी नको कोणाला’ हा त्यांचा हेतू चांगला होता. त्याची किंमत मात्र खांदा देत होता.

काय केले, काय करता येते

बाईंनी सांगितलेले उपाय साधे होते. दर अर्ध्या-पाऊण तासाने गादीवरून उठायचे, चार पावले चालायचे. फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरायचा नाही. मान-खांद्यांचे बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन वेळा करायचे. पूर्ण विश्रांती घेऊन पडून राहणे हा अशा दुखण्यावर उपाय नव्हे. हालचाल हाच उपाय. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे जलद चालण्यासारखा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस व्यापाऱ्यालाही लागू आहे. पेढीवरची ये-जा त्यात धरू नये.

सैल होण्याचा व्यायाम शिकवताना गंमत झाली. उभे राहून हात मोकळे सोडा, श्वास सावकाश सोडत खांदे खाली येऊ द्या, असे बाईंनी सांगितले. आप्पा हसून म्हणाले, “हा तर आमचा कायोत्सर्ग. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वास. मी रोज करतो.”

“करता ना? मग आत्ता करून दाखवा,” बाई म्हणाल्या. आप्पा डोळे मिटून उभे राहिले. खांदे कानांच्या दिशेने वर ओढलेलेच होते. आरशात ते पाहिल्यावर ते स्वतःच ओशाळले. काया सोडून देण्याची क्रिया रोज होत होती. मन मात्र आजच्या सौद्यांतून निघाले नव्हते. साधनेचा हेतू अंगदुखी घालवणे हा नव्हे, हे खरे. पण जी क्रिया आपण रोज करतो ती मनापासून केली, तर तिचा लाभ खांद्यालाही होतो.

दुसरा बदल घरी झाला. दर शनिवारी संध्याकाळी आप्पा, माझे वडील आणि चुलतभाऊ एकत्र बसून येणे-देणे कागदावर मांडू लागले. वसुलीच्या फोनसाठी सकाळचा एक तास ठरला. रात्री जेवणानंतर तो विषय बंद. येणे त्यामुळे लगेच वसूल झाले नाही. परंतु रात्री अंथरुणावर डोक्यात चालणारा हिशेब कागदावर उतरल्याने झोप सुधारली.

वेदनाशामक गोळ्यांविषयी एक सूचना आपल्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी. डॉक्टरांना न विचारता दीर्घ काळ घेतलेल्या या गोळ्या जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय करू शकतात, रक्तदाबही वाढवतात. उपवासाच्या दिवसांत, पाणी कमी जात असताना, मूत्रपिंडाचा धोका वाढतो. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

सर्वच दुखणे ताणाचे नसते

ताणाचे कारण सापडले म्हणून तपासणी टाळणे हीदेखील चूकच. छातीत दडपण येऊन डावा खांदा, हात किंवा जबडा दुखू लागला, घाम सुटला, तर तो हृदयविकार असू शकतो. अशा वेळी मालिश करत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. हात-पायात दुबळेपणा येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, दुखण्याबरोबर ताप येणे किंवा कारण नसताना वजन घटणे, रात्री विश्रांतीतही वेदना न थांबणे, ही धोक्याची लक्षणे होत. सांधे सुजून सकाळी अर्ध्या-एक तासाहून अधिक काळ आखडलेले राहत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी.

मधुमेह असणाऱ्यांत खांदा गोठल्यासारखा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. तसेच शाकाहारी आहारात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते आणि त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात. त्या मानेच्या शिरेमुळेच आहेत असे गृहीत धरले जाते. साध्या रक्ततपासणीने हे कळते.

पेढीवरची दुसरी मान

आता या कथेतील अशी गोष्ट सांगतो, जी आम्हांला सर्वांत उशिरा दिसली.

आप्पांचे व्यायाम सुरू झाल्यावर चुलतभावाच्या लक्षात आले, की पेढीचे दिवाणजीही मान वळवताना सर्व अंग वळवतात. त्याने सहज विचारले, “दिवाणजी, तुमचीही मान दुखते का?”

“आता सवय झाली,” ते म्हणाले.

“कधी जास्त दुखते?”

दिवाणजींनी प्रथम उत्तर टाळले. पुन्हा विचारल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, “चार माणसांत बेरीज विचारली, की त्या दिवशी.”

आप्पांचा आवाज मोठा. हंगामात खरेदीदार, हमाल, शेतकरी समोर असताना ते गादीवरून ओरडून आकडा विचारत आणि चूक निघाली की तेथेच बोलत. त्यात त्यांना वावगे वाटत नसे. त्यांच्या वडिलांनीही तसेच केले होते. रामाझ्झिनींनी सांगितलेले तिसरे कारण, चुकीची धास्ती, आमच्याच पेढीवर आमच्याच आवाजाने तयार होत होते. आप्पांचा ताण खरेदीदाराकडून आला होता हे जितके खरे, तितकेच दिवाणजींचा ताण आप्पांकडून आला होता हेही खरे.

चुलतभावाने हे आप्पांना सांगितले, तेव्हा त्यांनी काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी एका पट्टीत तोलाईचा आकडा चुकला होता. आप्पांनी ती पट्टी बाजूला ठेवली. संध्याकाळी सौदे संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर त्यांनी दिवाणजींना शेजारी बसवून चूक दाखवली. मग म्हणाले, “तुम्हीही त्या बाईंना एकदा मान दाखवून या. पैसे पेढीतून देऊ.”

पुढचा हंगाम आला. आप्पांचा खांदा अगदी दुखेनासा झाला, असे म्हटले तर ते खरे होणार नाही. मार्चअखेर कळ उठतेच. पण आता ते प्रथम उशीला दोष देत नाहीत. गादीवरून उठून यार्डात एक फेरी मारतात, परत आल्यावर वडिलांना विचारतात, “आज कोणाचे राहिले आहे?” आणि दोघे मिळून तो आकडा कागदावर लिहितात.